भुतांचे खटले सोडवणाऱ्या मुली : इंग्रजी किशोर कादंबऱ्यांच्या एका प्रकाराची ओळख

गेल्या उन्हाळ्यात मंडळाच्या ग्रंथालयाला एका सभासदांनी पुस्तकांची दोन खोकी भेट दिली. त्यांची नात इंजिनिअरिंगला पुण्याला गेली आणि घरातली तिची पुस्तके ठेवायला जागा उरली नाही. खोकी उघडली तेव्हा निम्म्याहून अधिक पुस्तकांवर धुके, कबरी आणि हातात दिवा किंवा तलवार घेतलेल्या मुलींची चित्रे निघाली. ग्रंथालय समितीत आम्ही पाच जण. त्यांतले तिघे बँकेतून निवृत्त, त्यामुळे व्हाउचर तपासल्याशिवाय नोंद करायची नाही ही सवय जुनी. एक सदस्य म्हणाले, "ही भुताखेतांची पुस्तके मुलांच्या कपाटात नकोत." दुसऱ्या म्हणाल्या, "पण मुले वाचतात तर हीच." शेवटी ठरले की प्रत्येकाने दोन-तीन पुस्तके घरी नेऊन पूर्ण वाचायची आणि मगच मत द्यायचे.

त्या वाचनातून जे हाती आले ते सभासदांच्या माहितीसाठी येथे एकत्र देत आहोत. आपली नातवंडे इंग्रजी माध्यमात शिकतात, गुजरातीत खेळतात आणि आपल्याशी मराठीत बोलतात. ती काय वाचतात हे आपल्याला ठाऊक असेल, तर बोलायला एक विषय वाढतो.

हा प्रकार म्हणजे काय

इंग्रजीत साधारण बारा ते अठरा वयाच्या वाचकांसाठीच्या पुस्तकांना 'यंग ॲडल्ट' म्हणतात. त्यातच गूढ, अतींद्रिय आणि शोधकथा यांचे मिश्रण असलेला एक उपप्रकार आहे. त्याची ठेवण बहुधा ठरलेली असते. नायिका पंधरा-सोळा वर्षांची. तिला इतरांना नसलेली एखादी शक्ती असते. भुते दिसतात, मृतांचे आवाज ऐकू येतात, वस्तूला हात लावला की तिच्या मालकाचा भूतकाळ कळतो. एखादा जुना किंवा ताजा गुन्हा तिच्यासमोर येतो. मोठ्यांना सांगून उपयोग नसतो, कारण ती म्हणते ते त्यांना दिसतच नाही. मग ती स्वतः शोध घेते.

येथे एक फरक ध्यानात ठेवावा. नुसत्या भयकथेत भुतापासून पळायचे असते. या कथांत भुताची बाजू ऐकून घ्यायची असते. भूत हे तक्रारदार आहे आणि त्याची तक्रार कोणी नोंदवून घेतलेली नाही, असे म्हटले तर बँकेतल्या माणसाला चटकन कळेल.

उगम : नॅन्सी ड्रू

या सर्व मुलींची पणजी म्हणजे नॅन्सी ड्रू. एडवर्ड स्ट्रेटमायर या अमेरिकन प्रकाशन-व्यावसायिकाने ही नायिका कल्पिली आणि १९३० मध्ये मालिकेची पहिली तीन पुस्तके एकदम बाजारात आली. पहिल्याचे नाव 'द सीक्रेट ऑफ द ओल्ड क्लॉक'. सोळा वर्षांची, आई नसलेली, वकील वडिलांची मुलगी स्वतःची मोटार चालवत गुन्हे शोधते, ही त्या काळात अपूर्वाईची गोष्ट होती. पुस्तके निघाल्यावर काही दिवसांतच स्ट्रेटमायर वारले.

मुखपृष्ठावर लेखिका म्हणून कॅरोलिन कीन हे नाव असे, पण अशी कोणी बाई नव्हती. सुरुवातीची बहुतेक पुस्तके मिल्ड्रेड वर्ट बेन्सन यांनी लिहिली. त्यांना एका पुस्तकाचे ठरावीक १२५ डॉलर मिळत आणि पुढच्या विक्रीवर हक्क नसे. त्यांचे नाव सर्वांसमोर आले ते १९८० मध्ये, प्रकाशकांच्या आपसांतल्या खटल्यात. दुसऱ्यांचे बुडालेले हक्क परत मिळवून देणारी मुलगी जिने रंगवली, तिचा स्वतःचा हक्क पन्नास वर्षे नोंदीबाहेर राहिला.

नॅन्सीच्या जगात भूत खरे नसते. 'द हिडन स्टेअरकेस' या दुसऱ्या पुस्तकात दोन वृद्ध बहिणींच्या घरात विचित्र आवाज येतात, वस्तू नाहीशा होतात. शेवटी निघते ते भुयार आणि त्यातून ये-जा करणारा माणूस. १९६९ मध्ये सुरू झालेल्या 'स्कूबी-डू' या कार्टूनचाही हाच नियम, मुखवटा काढला की आत कोणीतरी लबाड गृहस्थ. आपल्या मुलांनी ते कार्टून नेटवर्कवर पाहिलेले आहे.

आणखी एक गोष्ट समितीत सर्वांना सांगावीशी वाटली. त्या काळी अमेरिकेतल्या अनेक ग्रंथालयांनी अशी मालिका-पुस्तके हलकी समजून कपाटात घेतलीच नाहीत. मुलींनी ती खाऊच्या पैशांतून विकत घेतली आणि एकमेकींना वाचायला दिली. म्हणजे आमच्यापुढचा प्रश्न नवा नव्हता.

भूत खरे झाले : 'द मीडिएटर'

विसाव्या शतकाच्या अखेरीस हा नियम उलटला. दूरदर्शन मालिकांत १९९७ ची 'बफी द व्हँपायर स्लेयर' आणि पुस्तकांत मेग कॅबट यांची 'द मीडिएटर' ही त्याची ठळक उदाहरणे. 'मीडिएटर'चे पहिले पुस्तक 'शॅडोलँड' २००० मध्ये निघाले. सुरुवातीची पुस्तके जेनी कॅरोल या टोपणनावाने आली, त्यामुळे जुन्या प्रतींवर वेगळे नाव दिसले तर गोंधळू नये.

सुझ सायमन ही सोळा वर्षांची मुलगी. आईच्या दुसऱ्या लग्नानंतर न्यूयॉर्क सोडून कॅलिफोर्नियातल्या कार्मेल गावी येते. नव्या घरात तीन सावत्र भाऊ आणि तिच्याच खोलीत दीडशे वर्षांपूर्वी मेलेल्या जेसी नावाच्या तरुणाचे भूत. सुझ ही 'मध्यस्थ' आहे. मृतांचे कोणते काम अडले आहे ते शोधून पुरे करायचे आणि त्यांना पुढे पाठवायचे, हे तिचे काम. पितृपक्षात कावळा शिवला नाही की आपण म्हणतो, "काहीतरी राहिले असेल." सुझ तेच 'राहिलेले' शोधते. फरक इतकाच की ती रागीट आहे आणि भूत ऐकेना तर त्याला ठोसाही लगावते.

या मालिकेत मनाला लागते ते आईचे न कळणे. पडक्या इमारतींत शिरल्याबद्दल सुझला पोलिसांनी अनेकदा घरी आणून सोडलेले असते. आईला वाटते, मुलगी बिघडली. सुझ खरे सांगू शकत नाही, कारण खरे सांगितले तर वेड लागले असे म्हणतील.

चौथे पुस्तक 'डार्केस्ट अवर' आम्हाला सर्वांत चांगले वाटले. घराच्या आवारात खोदकाम चालू असताना जुनी पत्रे सापडतात. जेसी ठरलेल्या लग्नातून पळून गेला, असे गावच्या इतिहासकाराचे मत. प्रत्यक्षात तो पळालेला नव्हता, त्याला मारून तिथेच पुरले होते. दीडशे वर्षे एका माणसाच्या नावावर पळपुटेपणाची खोटी नोंद होती आणि ती दुरुस्त केली एका शाळकरी मुलीने.

कॅबट यांचीच दुसरी मालिका २००१ च्या 'व्हेन लाइटनिंग स्ट्राइक्स' या पुस्तकापासून सुरू होते. जेस मास्ट्रियानी या मुलीच्या अंगावर वीज पडते. त्यानंतर दुधाच्या खोक्यावर छापलेले हरवलेल्या मुलांचे फोटो पाहून ती झोपली की सकाळी ती मुले कोठे आहेत हे तिला कळलेले असते. उत्साहाने ती फोन करून पत्ते कळवते. त्यांतला एक मुलगा मात्र हरवलेला नसतोच. मारहाण करणाऱ्या बापापासून वाचवण्यासाठी आईने त्याला दूर नेलेले असते, आणि जेसच्या फोनमुळे तो पुन्हा सापडतो. माहिती खरी असली तरी ती कोणाच्या हाती द्यायची हा वेगळा प्रश्न आहे. आज प्रत्येकाच्या खिशात फोन असताना किशोरवयीन मुलांना हे कळणे फार गरजेचे आहे.

'लॉकवुड अँड कंपनी' : मुलांनी करायची, मोठ्यांनी टाळायची कामे

आमच्या यादीत पहिला क्रमांक इंग्लंडच्या जोनाथन स्ट्राउड यांच्या या मालिकेला मिळाला. 'द स्क्रीमिंग स्टेअरकेस' (२०१३), 'द व्हिस्परिंग स्कल' (२०१४), 'द हॉलो बॉय' (२०१५), 'द क्रीपिंग शॅडो' (२०१६) आणि 'द एम्प्टी ग्रेव्ह' (२०१७) अशी पाच पुस्तके. नेटफ्लिक्सवर २०२३ मध्ये यावर आठ भागांची मालिका आली, पण दुसरा हंगाम निघाला नाही. मालिका पाहून पुढे काय झाले ही रुखरुख लागलेल्या मुलांना पुस्तकांकडे वळवण्याची ही चांगली संधी आहे.

येथील इंग्लंडमध्ये गेली पन्नासहून अधिक वर्षे भुतांची साथ आहे. लोक त्याला नुसते 'द प्रॉब्लेम' म्हणतात. भुताच्या स्पर्शाने माणूस मरतो. अंधार पडला की संचारबंदी. भुते नीट दिसतात, ऐकू येतात ती फक्त मुलांना. वय वाढले की ही शक्ती जाते. म्हणून रात्रीच्या धोक्याच्या कामावर मुले जातात आणि त्यांना पाठवणाऱ्या एजन्सी मोठी माणसे चालवतात. फक्त लॉकवुडची छोटी कंपनी अशी की तिच्यात मोठे कोणी नाही. अँथनी लॉकवुड, जॉर्ज कबिन्स आणि कथा सांगणारी लुसी कार्लाइल हे तिघेच.

लुसी सात बहिणींत सर्वांत धाकटी. भुते ऐकण्याची तिची शक्ती विलक्षण आहे. लंडनला येण्यापूर्वी ती उत्तरेकडच्या एका गावात काम करत असे. एका रात्री एका जुन्या गिरणीत काहीतरी भयंकर आहे हे तिला जाणवते. वरिष्ठ लक्ष देत नाही, स्वतः आत पाऊलही टाकत नाही, आणि तिचे सोबती जिवाला मुकतात. पुढे चौकशी होते. चौकशीत वरिष्ठाचा शब्द टिकतो, मुलीचा नाही. नोकरीत ज्यांनी खातेनिहाय चौकशा पाहिल्या आहेत त्यांना ही काही पाने वाचताना गप्प व्हायला होते.

शोधाची पद्धत मात्र अगदी शिस्तीची आहे. प्रत्येक भुताचा एक 'स्रोत' असतो. हाडे, दागिना, एखादी वस्तू. तो शोधून लोखंडात किंवा चांदीच्या जाळीत बंद करायचा. पण त्याआधी जॉर्ज जुनी वर्तमानपत्रे आणि कागदपत्रे चाळतो. त्या घरात पूर्वी कोण राहत होते, कोण नाहीसे झाले, हे पाहिल्याशिवाय आत जायचे नाही. पहिल्या पुस्तकात ही तयारी अर्धवट ठेवून तिघे एका घरात शिरतात. भिंतीआड अनेक वर्षांपूर्वीच्या तरुणीचे प्रेत सापडते, पण धावपळीत घराला आग लागते आणि ६०,००० पौंडांची भरपाई अंगावर येते. ती फेडण्यासाठी पुढचे धोक्याचे काम घ्यावे लागते. कागद न पाहता सही केली की काय होते, याचे याहून चांगले उदाहरण आम्हाला प्रशिक्षण केंद्रातही मिळाले नव्हते.

थोड्या मोठ्या मुलांसाठी

लिबा ब्रे यांची 'द डिव्हायनर्स' ही २०१२ ते २०२० मधली चार पुस्तकांची मालिका १९२० च्या दशकातल्या न्यूयॉर्कमध्ये घडते. ईव्ही ओनील ही सतरा वर्षांची मुलगी वस्तू हातात धरून तिच्या मालकाची गुपिते ओळखते. त्या काळातला वर्णद्वेष, स्थलांतरितांची हलाखी हेही येते. पुस्तके जाड आहेत आणि खुनांची वर्णने अंगावर येणारी.

मॉरीन जॉन्सन यांच्या 'द नेम ऑफ द स्टार' (२०११) मध्ये लुइझियानाची रोरी लंडनच्या निवासी शाळेत येते. तेव्हाच शहरात १८८८ च्या जॅक द रिपरच्या खुनांची नक्कल करणारे खून सुरू होतात. किंबर्ली डर्टिंग यांच्या 'द बॉडी फाइंडर' (२०१०) मध्ये व्हायलेटला मारल्या गेलेल्यांच्या खुणा जाणवतात, आणि तीच खूण मारणाऱ्याच्या अंगावरही चिकटलेली असते. या दोन्ही पुस्तकांत माथेफिरू खुनी आहेत, हे पालकांनी ध्यानात घ्यावे.

आपल्याकडे काय आहे

शोधकथा आपल्याला नवीन नाहीत. बाबूराव अर्नाळकरांचे धनंजय आणि छोटू, भा. रा. भागवतांचा फुरसुंगीचा फास्टर फेणे यांच्यावर आपली पिढी वाढली. गूढकथेत नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी आहेत. आमच्या कपाटात मात्र शोध घेणारी मुलगी शोधू लागलो तेव्हा हाताला फारसे लागले नाही.

भुतांच्या बाबतीत आपण मागे नाही. पिंपळावर मुंजा, विहिरीवर हडळ, गावाबाहेर वेताळ, गोव्याकडे देवचार. प्रत्येकाची जागा ठरलेली आणि बहुतेकांची काही ना काही इच्छा राहिलेली. लॉकवुडच्या पुस्तकांत भुतांचे पहिल्या, दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकारात वर्गीकरण आहे, ते वाचताना आजोळच्या गप्पा आठवल्या. त्यांची हत्यारेही ओळखीची निघाली : लोखंड आणि मीठ. आपल्याकडे बाळंतिणीच्या उशाशी आडकित्ता किंवा विळा ठेवत आणि मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढत. नातीला हे सांगितले तर ती पुस्तक बाजूला ठेवून ऐकते, हा आमच्यापैकी दोघांचा अनुभव आहे.

आक्षेप आणि आमचे मत

पहिला आक्षेप अंधश्रद्धेचा. आमचे एक सदस्य म्हणाले, "महाराष्ट्रात २०१३ मध्ये जादूटोण्याविरुद्ध कायदा करावा लागला, आणि आपण मुलांना भुते वाचायला द्यायची?" आक्षेप रास्त आहे. वाचून झाल्यावर त्यांनीच उत्तर दिले. या पुस्तकांत बुवा नाही, गंडा-दोरा नाही, कोणाला कोंबडे-लिंबू वाहायचे नाही. भूत आहे ही कथेची अट एकदा मान्य केली की पुढे सर्व काम कागदपत्र, साक्ष, तारखा आणि तर्क यांनी होते. मुलांना ही कल्पना आहे हे कळते. ज्यांच्या मनात शंका असेल त्यांनी मुलांना सरळ विचारावे. आम्ही विचारले तेव्हा आठवीतल्या एका मुलीने आमच्याकडे दयेने पाहिले.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर. 'शॅडोलँड'मधले भूत प्रेमभंगानंतर आत्महत्या केलेल्या शाळकरी मुलीचे आहे. लेखिका त्याचे कौतुक करत नाही. तरीही हे पुस्तक तेरा वर्षांखालील मुलांना देऊ नये आणि मोठ्या मुलांनी वाचले तर त्याविषयी घरात बोलावे, असे आम्ही ठरवले. एखादे मूल आधीच उदास असेल तर पुस्तक बाजूला ठेवून आधी त्याच्याजवळ बसावे.

तिसरी गोष्ट आक्षेप नव्हे, अनुभव आहे. समितीतल्या एका आजींची नात कित्येक दिवस म्हणत होती की क्लासला नेणारा रिक्षावाला फार वेडीवाकडी चालवतो. घरच्यांना वाटे, क्लास टाळायला कारणे सांगते. लुसीच्या चौकशीचा भाग वाचून झाल्यावर आजी काही न बोलता दुसऱ्या दिवशी स्वतः त्या रिक्षात बसल्या. त्या दिवसापासून रिक्षा बदलली. पुढच्या बैठकीत त्यांनी एवढेच सांगितले, "मुलगी खरे बोलत होती."

या सर्व पुस्तकांचे सार आम्हाला तिथे सापडले. भुते ही सबब आहे. मुलीला जे दिसते ते ती सांगते आणि तिच्यावर कोणी विश्वास ठेवत नाही, ही खरी गोष्ट आहे. आपल्या घरातली मुलगी हे पुस्तक उराशी धरून बसते तेव्हा तिला भुताची गोडी असतेच, पण आपले म्हणणे कोणीतरी तपासून पाहावे असेही वाटत असते.

कोणी काय वाचावे

• दहा-अकरा वर्षांपासून : नॅन्सी ड्रू. १९५९ पासून जुन्या आवृत्त्या सुधारून त्यांतले वर्णद्वेषी उल्लेख काढले गेले, त्यामुळे सुधारित प्रती घ्याव्यात.

• अकरा-बारा वर्षांपासून : लॉकवुड अँड कंपनी, क्रमानेच. भित्र्या मुलांनी दिवसा वाचावे.

• तेरा-चौदा वर्षांपासून : द मीडिएटर आणि जेस मास्ट्रियानीची मालिका. 'मीडिएटर'च्या सहाव्या पुस्तकाचे नाव 'ट्वायलाइट' आहे. स्टेफनी मायर यांची २००५ ची गाजलेली 'ट्वायलाइट' ती वेगळी. आमच्या नोंदवहीत दोन्ही एकाच क्रमांकावर चढली होती, ती चूक दुरुस्त केली आहे.

• सोळा वर्षांपासून : द डिव्हायनर्स, द नेम ऑफ द स्टार, द बॉडी फाइंडर.

आपल्या या शहरात सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये विल्यम बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून घेतले आणि संस्थानात गावोगाव वाचनालये पोहोचवली. पुस्तकांच्या पेट्या खेड्यात जात. त्या परंपरेत वाढलेल्या मंडळाने दोन खोकी माळ्यावर टाकणे बरे दिसले नसते. पुस्तके आता मुलांच्या कपाटात खालून दुसऱ्या फळीवर, वयानुसार रंगीत चिठ्ठी लावून ठेवली आहेत. घरी नेण्याची मुदत पंधरा दिवस. आजी-आजोबांनी स्वतःच्या नावावर नेल्यासही हरकत नाही. एकच विनंती, नातवंडांच्या आधी आपले वाचून झाले तर खुनी कोण ते सांगू नये.